बी.एस्सी.च्या मध्यावर विद्यापीठ बदलताना : क्रेडिट, जागा आणि एनटी-सी प्रवर्ग

नमस्कार. आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत, म्हणून आपले म्हणणे मला जसे समजले तसे आधी मांडतो. आपण म्हसवडजवळच्या गावी राहता, धनगर समाजाचे आहात आणि मुलीकडे एनटी-सी, म्हणजे भटक्या जमाती-क प्रवर्गाचा, जातीचा दाखला आहे. तिने २०२४-२५ मध्ये साताऱ्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी.चे पहिले वर्ष केले. ४४ पैकी ४० क्रेडिट मिळाले, रसायनशास्त्राचा एक व गणिताचा एक असे दोन पेपर राहिले. पुढचे वर्ष घरातील आजारपणामुळे ती घरीच होती. आता पुण्यात मावशीकडे राहून, रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन, तिला दुसऱ्या वर्षाला बसायचे आहे. डिजिलॉकरमध्ये चाळीस क्रेडिट दिसत असूनही पुण्यातील महाविद्यालयाने ‘विषय जुळत नाहीत आणि जागाही नाही’ असे तोंडी सांगून आपल्याला परत पाठवले. क्रेडिट बँक असताना असे नाकारता येते का, आणि एनटी-सीच्या कोट्यातून ही जागा मिळेल का, हे आपल्याला हवे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नाकारता येते. दुसऱ्याचे उत्तर, दुसऱ्या वर्षाला बहुधा नाही. ही उत्तरे कडू आहेत, परंतु त्यामुळे मुलीचे वर्ष वाया गेले असे मुळीच नाही. अडचण अशी आहे की क्रेडिट, जागा आणि प्रवर्ग या तीन गोष्टींचा निर्णय तीन वेगवेगळ्या टेबलांवर होतो आणि आपण तिन्हींचे उत्तर एकाच खिडकीवर मागितले. क्रेडिट म्हणजे ती काय शिकली याची नोंद. जागा म्हणजे त्या महाविद्यालयाच्या मंजूर प्रवेशसंख्येतील एक रिकामी खुर्ची. आणि प्रवर्गाचा हक्क मुख्यतः अभ्यासक्रमाच्या दारात, म्हणजे प्रथम प्रवेशाच्या वेळी, वापरायचा असतो. खिशात तिकिटाचे पैसे आहेत म्हणून स्वारगेटला निघालेल्या भरगच्च एस.टी.त बसायला जागा मिळेलच असे नाही, तसेच काहीसे हे आहे.

सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्रवेश आणि पात्रता विभागाचे काम मी बरीच वर्षे पाहिले आहे. दुसरीकडून आमच्याकडे आलेली आणि आमच्याकडून पुणे, सांगली, कोल्हापूरला गेलेली मुले या दोन्ही बाजूंचे कागद हातांखालून गेले आहेत. तरीही पुढे जे लिहितो त्यातील काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे: पुण्याच्या त्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला खरोखर किती जागा रिकाम्या आहेत, ते संलग्नित आहे की स्वायत्त, आणि मुलीच्या गुणपत्रकावर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे, या तीन गोष्टींवर.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण साताऱ्यात त्याचाच घोळ सर्वांत जास्त होतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत, त्यामुळे ‘साताऱ्याचे कॉलेज म्हणजे शिवाजी विद्यापीठ’ असे आपण सगळेच गृहीत धरतो. परंतु २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले आणि रयत शिक्षण संस्थेची शहरातील तीन महाविद्यालये, म्हणजे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय, त्याची घटक झाली. मुलगी यांपैकी एखाद्या महाविद्यालयात असेल, तर विद्यापीठ बदलण्यासाठी लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र कोल्हापुरातून मिळणार नाही. ते या विद्यापीठाकडूनच घ्यावे लागेल. कोल्हापूरच्या विद्यापीठात अर्ज देऊन, तिथे मुलाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, सापडत नाही म्हणून हात हलवत परत आलेले पालक मी पाहिले आहेत. गुणपत्रकाच्या माथ्यावरील नाव वाचून घ्या, मग गाडीत बसा.

आता क्रेडिटकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, म्हणजे आपली मुलगी संलग्नित महाविद्यालयात असेल तर ती या रचनेच्या पहिल्याच तुकडीतील आहे. एका सत्राला २२, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ क्रेडिट असा साधारण हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार हे क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट बँकेत, जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. त्यामुळे घरी गेलेल्या एका वर्षाने तिचे चाळीस क्रेडिट बुडालेले नाहीत, ही चिंता मनातून काढून टाका. दुसरी अट अशी की पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. १३२ चे निम्मे ६६. बाहेरून आणायचे आहेत जास्तीत जास्त ४४. इथेही अडचण नाही.

अडचण पुढे आहे. क्रेडिट बँकेतील आकडा पाहून कोणतेही विद्यापीठ मुलाला दुसऱ्या वर्षाला बसवत नाही. ते क्रेडिट कशाचे आहेत हे पाहते. याला आमच्याकडे समकक्षता म्हणतात. ती कशी तपासली जाते हे पालकांना कधी दिसत नाही, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. प्रवेश समितीने कागद विभागप्रमुखांकडे पाठवले की ते एका हाताला आपला अभ्यासक्रम आणि दुसऱ्या हाताला विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम ठेवून, पेन्सिलीने घटकांपुढे खुणा करीत जातात. रसायनशास्त्रात एका विद्यापीठाने पहिल्या सत्रात भौतिक आणि असेंद्रिय व दुसऱ्या सत्रात सेंद्रिय असा क्रम ठेवला असेल आणि दुसऱ्याने उलटा ठेवला असेल, तर वर्षाअखेरीस दोन्हींची बेरीज जुळते आणि कोणी हरकत घेत नाही. परंतु एखादा संपूर्ण घटक एका ठिकाणी पहिल्या वर्षाला आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाला असेल, तर तिथे पेन्सिल थांबते. मग पाहिली जाते प्रात्यक्षिकाची प्रमाणित जर्नल. जर्नलवर विभागप्रमुखांची सही व शिक्का असेल आणि प्रयोगांची यादी बऱ्यापैकी जुळत असेल, तर समजूतदार विभागप्रमुख उरलेला घटक भरून काढण्याच्या अटीवर शिफारस करतात. नुसते गुणपत्रक घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना अशी शिफारस करण्याची इच्छा असली तरी आधार नसतो. आपण पुण्याला काय घेऊन गेला होता हे आपण लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की गुणपत्रक आणि मोबाईलमधील क्रेडिटचा आकडा. ‘विषय जुळत नाहीत’ हे उत्तर अशा वेळी टेबलावरून लवकर उठवण्यासाठीही दिले जाते.

मुख्य विषयांच्या बाबतीत मला फारशी काळजी वाटत नाही. पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्या वजनाचे आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांतील एक मुख्य व एक गौण अशीच रचना राज्यात सर्वसाधारणपणे आहे, आणि रसायनशास्त्र तिच्या तीन विषयांत आहेच. कुरकुर होते ती दोन-दोन क्रेडिटच्या किरकोळ वाटणाऱ्या विषयांवरून: खुले ऐच्छिक विषय, कौशल्यविषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. प्रत्येक विद्यापीठाची, अनेकदा प्रत्येक स्वायत्त महाविद्यालयाची, या विषयांची टोपली वेगळी असते. या ठिकाणी नाव जुळण्याचा आग्रह धरणारे लिपिक चुकतात असे माझे स्पष्ट मत आहे. खुल्या ऐच्छिक विषयाचा हेतूच मुलाने आपल्या शाखेबाहेरचे काही शिकावे हा असल्याने, क्रेडिटची संख्या आणि विषयाचा गट जुळला की पुरे व्हायला हवे. तरीही वाद घालण्यात जून महिना घालवण्यापेक्षा, अमुक दोन क्रेडिट जादा करून देऊ, असे लेखी देऊन पुढे जावे.

बँकेतील नोंदीबाबत एक व्यावहारिक सूचना. विद्यार्थी स्वतः क्रेडिट जमा करू शकत नाही, ते संस्थाच चढवते आणि नोंद अपार या विद्यार्थ्याच्या बारा अंकी ओळख क्रमांकाशी जोडलेली असते. आधारवर इंग्रजीत नाव लिहिताना एक अक्षर कमी आणि बारावीच्या गुणपत्रकावर एक जास्त, किंवा एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, एवढ्याशा फरकाने नोंद अडकलेली आम्ही खिडकीवर नेहमी पाहतो. आपल्या मुलीचे चाळीस दिसत आहेत म्हणजे तूर्त जोडणी ठीक आहे. पण राहिलेल्या पेपरांचे चार क्रेडिट चढवण्याआधी आधारवरील नावात काही दुरुस्ती करायला जाऊ नका. करायचीच असेल तर आधी गुणपत्रक शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसेच लिहून घ्या.

आता त्या दोन राहिलेल्या पेपरांविषयी, कारण माझ्या मते सगळे प्रकरण इथे अडले आहे आणि आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख जाता जाता आला आहे. नापास पेपरचे क्रेडिट बँकेत नसतातच, त्यामुळे ते कुठे हस्तांतरितही होत नाहीत. ज्या विद्यापीठात ती शिकली तिथे एटीकेटीच्या, म्हणजे काही पेपर राहिले असतानाही पुढच्या वर्षाला बसू देणाऱ्या, नियमांत बसत असल्यास तिला दुसऱ्या वर्षाला बसता येईल आणि हे पेपर पुढील सत्रात सोडवता येतील. सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षाआधी पहिले वर्ष पूर्ण करावे लागते. परंतु ही सवलत त्या विद्यापीठाच्या घरातील आहे. एटीकेटी सोबत घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायचे म्हटले तर पुण्याने कोणती परीक्षा घ्यायची, त्यांच्या अभ्यासक्रमाची की आपल्या, असा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक ठिकाणी तो नकार देऊन सोडवला जातो. शिवाय राहिलेल्या दोनांपैकी एक पेपर रसायनशास्त्राचा आहे आणि तिला तोच विषय मुख्य म्हणून हवा आहे. विभागप्रमुख म्हणून मी त्या खुर्चीत बसलो असतो तरी आधी हा पेपर सोडवून या असेच म्हटले असते.

समजा पेपर सुटले. मग येते जागा. दुसऱ्या वर्षाला जागा कशा रिकाम्या होतात? पहिल्या वर्षाची काही मुले फार्मसी, नर्सिंग किंवा अभियांत्रिकीला निघून जातात, काही नापास होऊन थांबतात, काही महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढून घेतात. त्या महाविद्यालयाची स्वतःची मुले दुसऱ्या वर्षात गेल्यानंतर उरते ती जागा. त्यामुळे जूनमध्ये ‘जागा नाही’ म्हणणारे महाविद्यालय जुलैअखेरीस ‘या’ असेही म्हणू शकते. प्रयोगशाळेच्या तुकडीची क्षमता ठरलेली असल्याने विज्ञान शाखेत ही जागा कला शाखेपेक्षा कमी सैल असते आणि पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांत जवळपास नसतेच. उपनगरातील किंवा जिल्ह्यातील साध्या महाविद्यालयांत चौकशी केल्यास चित्र वेगळे दिसते. मावशी हडपसरला राहत असेल तर डेक्कनचाच हट्ट धरण्याचे कारण नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट मी ठळकपणे सांगतो. पुण्याच्या महाविद्यालयाकडून लेखी संमती, किमान तात्पुरत्या प्रवेशाचे पत्र, हातात पडेपर्यंत साताऱ्याच्या महाविद्यालयातून टीसी, म्हणजे महाविद्यालय सोडल्याचा दाखला, काढू नका. दाखला काढला की इथली तिची जागा संपली. तिकडे पात्रता नाकारली तर मुलगी ना घर की ना घाट की होते, आणि मग परत घेण्यासाठी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसण्याची वेळ येते. तात्पुरता प्रवेशही शेवटचा शब्द नसतो: नवे विद्यापीठ स्थलांतर प्रमाणपत्र आणि समकक्षता पाहून पात्रता देते, आणि ती न मिळाल्यास परीक्षा देऊनही निकाल राखून ठेवला जातो. कोरेगाव भागातील एका मुलाचा निकाल असा वर्षभर अडकला होता. कारण एवढेच की स्थलांतर प्रमाणपत्र घरच्या कपाटात होते आणि ते जमा करायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता प्रवर्ग. राज्यात प्रवेशासाठी अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती-ब २.५, क ३.५, ड २ आणि इतर मागासवर्ग १९ टक्के अशी विभागणी आहे. त्यावर एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) १० आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १०. आपला वाटा साडेतीन टक्क्यांचा. साठ जागांच्या तुकडीत त्याचा हिशेब २.१ येतो, म्हणजे दोन जागा, आणि एकशेवीसमध्ये चार. या जागा पहिल्या वर्षाच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. दुसऱ्या वर्षी एखादी जागा रिकामी झाली तर ती कोणत्या प्रवर्गातून रिकामी झाली हे पाहून भरणारी महाविद्यालये आहेत, आणि केवळ गुणांवर भरणारीही आहेत. म्हणून पुण्यात विचारताना ‘एनटी-सीची जागा आहे का’ असे न विचारता, दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा किती, त्या कोणत्या प्रवर्गातून रिकाम्या झाल्या आणि कोणत्या निकषावर भरणार, असे विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून सुटका करून घेता येते. दुसऱ्याला यादी उघडावी लागते.

तरीही जातीच्या दाखल्याचा उपयोग संपत नाही. शुल्क, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या तीन गोष्टींसाठी प्रवर्ग दर वर्षी लागतो, आणि पुढे तिने व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळायचे ठरवले तर सगळा भार त्यावरच असतो. त्यासाठी जातीच्या दाखल्यासोबत उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र भटक्या जमातींनाही लागते, हे आपल्याकडे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. ‘आम्हाला कसले क्रिमीलेअर, मेंढरामागं हिंडणारी माणसं आम्ही’ असे एका वडिलांनी मला खिडकीवर ऐकवले होते, आणि त्यांचे म्हणणे खरेही होते. पण संगणकाला ते प्रमाणपत्रच हवे होते. केंद्रीभूत प्रवेशात ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. प्रमाणपत्रावरील तारीख आजच पाहून घ्या.

जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळणी समितीकडून तपासून घेणे, हा त्याहून लांबचा रस्ता. पारंपरिक बी.एस्सी.ला त्यावाचून सहसा अडत नाही, व्यावसायिक अभ्यासक्रमाला अडते. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. ज्या कुटुंबाचा अर्धा उन्हाळा कोकणात आणि पावसाळा माणदेशात जायचा, त्या कुटुंबातील आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. मग शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा आणायचा कुठून? अशा वेळी दहिवडीच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीचे जुने पुस्तक, शोधायला लावा. आजोबांची नसेल तर चुलत आजोबांची, त्यांच्या बहिणीची जन्मनोंद सापडते आणि तिथे जात लिहिलेली असते. नोंद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्या अधिकृत वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे आपले, आपल्या भावाचे किंवा चुलतभावाचे, वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर काम निम्म्याने हलके होते. मावशीच्या घरी असलेल्या वैधता प्रमाणपत्राचा मात्र येथे उपयोग नाही. तो आईकडचा पुरावा. आणि मुलगी पुण्याला राहायला गेली तरी जातीचा दाखला सातारा जिल्ह्यातून निघालेला असल्याने अर्ज साताऱ्याच्याच समितीकडे करायचा आहे. अर्जासोबत प्राचार्यांच्या सहीचा १५-अ नमुना जोडावा लागतो, म्हणजे तोही ती कुठल्यातरी महाविद्यालयाच्या पटावर असतानाच सहज मिळतो. वैधतेसाठी शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे, परंतु ती मिळेलच असे धरून बसणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचवण्यासारखे आहे.

केंद्रीय संस्थांचा विचार कधी डोक्यात आलाच तर एवढे लक्षात ठेवा की राज्याच्या यादीतील एनटी-सी तिथे नसते. धनगर समाज केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये येतो आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळे ओबीसी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढावे लागते.

आपण शेवटी ‘नाहीतर बीसीए किंवा फार्मसी करावी का’ असेही विचारले आहे. बीसीएला २०२४-२५ पासून राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे आणि तिची नोंदणी उन्हाळ्याच्या बरीच आधी होते. फार्मसीला एमएचटी-सीईटी लागते. बारावीला खुल्या गटासाठी किमान ४५ आणि राज्यातील मागास प्रवर्गासाठी ४० टक्के, आणि मागे एकदा दिलेल्या सीईटीचे गुण त्या वर्षापुरतेच असतात. या अभ्यासक्रमांत बी.एस्सी.चे चाळीस क्रेडिट वजा होतील अशी आशा धरू नये, तिथे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. त्याची एक चांगली बाजू आहे, ती नाकारत नाही: व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची जबाबदारी शासनाने उचलली आहे, आणि तिथे आपल्या साडेतीन टक्क्यांना खरे मोल आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास हा लाभ नाही, आणि वसतिगृह, खाणावळ, पुस्तके यांचा खर्च आपलाच. मुलीला रसायनशास्त्र मनापासून आवडत असेल तर शुल्कमाफीसाठी विषय सोडण्याच्या बाजूचा मी नाही.

तर, माझा सल्ला असा. येत्या वर्षी मुलीला साताऱ्यातच दुसऱ्या वर्षाला बसवा. तिची जागा तिथे अजून जिवंत आहे का, हे उद्याच प्राचार्यांना भेटून पाहा. खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र आणि आजारपणाचे कागद सोबत न्या. दोन पेपर त्याच वर्षी सोडवून घ्या. एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याचा जो पर्याय धोरणात आहे, त्यासाठी ४४ क्रेडिट पूर्ण करून वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता करावी लागते. अशा रीतीने बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येते. आपल्या मुलीला शिकायचेच आहे, तेव्हा त्या वाटेला जाण्याचे मला काही कारण दिसत नाही. राहण्याच्या खर्चाची अडचण असेल तर साताऱ्यात कमवा आणि शिका योजना व मुलींच्या वसतिगृहांची चौकशी करा. कर्मवीरांच्या काळापासून माणदेशातील मुले याच आधारावर शिकत आली आहेत.

पुण्याला जाणे घरच्या परिस्थितीमुळे टाळता येत नसेल, तर ते पुढच्या वर्षी, ८८ क्रेडिट पूर्ण झाल्यावर करण्यापेक्षा याच वर्षी झालेले बरे, कारण जितके पुढे जाल तितके जुळवायचे विषय वाढतात. अशा वेळी क्रम असा ठेवा: पेपरांची पुनर्परीक्षा कधी आहे ते विचारून अर्ज भरणे, दोन्ही सत्रांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला अभ्यासक्रम आणि सही-शिक्क्याची जर्नल जमवणे, मग पुण्यात तीन-चार महाविद्यालयांत लेखी अर्ज, मग संमतीपत्र, त्यानंतरच टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्र.

अर्ज मात्र लेखीच द्या आणि पोच घ्या. पहिल्या वेळी आपण तोंडी विचारले आणि तोंडी नकार मिळाला, त्याला कागदावर काही अर्थ नाही. महाविद्यालयाला नकार देण्याचा अधिकार आहे, पण जागा रिकामी असताना कारण न देता टोलवाटोलवी होत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ स्तरावर लोकपाल आहेत, आणि प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिथे दाद मागता येते. पोच घेतलेल्या अर्जावर सहसा इतक्या लांब जावे लागत नाही. आवक क्रमांक पडला की उत्तर द्यावे लागते, हे कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक असते. मुलीच्या गुणपत्रकावर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे आणि राहिलेले दोन पेपर कोणत्या सत्राचे आहेत, एवढे इथे कळवलेत तर पुनर्परीक्षेच्या अर्जाबाबत नेमके सांगता येईल.